वारसा, कर्जासकट

अंदमानला जाणाऱ्या मराठी माणसाचा कार्यक्रम साधारण ठरलेला असतो. सकाळी सेल्युलर जेल, दुपारी रॉस बेट, संध्याकाळी कॉर्बिन्स कोव्हचा किनारा आणि शहाळं. सावरकरांच्या कोठडीसमोर माणसं चपला काढतात, काहींचे डोळे भरून येतात. आणि दोन-चार तासांनी तीच माणसं गुडघाभर पाण्यात एकमेकांचे फोटो काढत असतात. यावर नाक मुरडणारे पुष्कळ भेटतात. मला त्यात गैर वाटत नाही. तेराव्याला गोडाचं जेवण करणारे आपण. शोक आणि जगणं शेजारी शेजारी बसवायची आपल्याला सवय आहे. मला छळणारा प्रश्न वेगळा आहे : त्या बेटावर आपण नेमकं कुणासाठी रडतो?

रॉसची बोट सुटते तिथंच, जलक्रीडा संकुलाच्या आवारात, एक स्मारक आहे. तिकिटाच्या घाईत ते सहसा पाहिलं जात नाही. मे १८५९मध्ये अंदमानच्या आदिवासींनी धनुष्यबाण घेऊन नव्या वसाहतीवर चाल केली. बंदुकांपुढे त्यांचा टिकाव लागला नाही. त्या एबर्डीनच्या लढाईचं हे स्मारक. ते ब्रिटिशांविरुद्ध लढले, असं आपण म्हणतो. ते खरं आहे, पण अर्धंच. ही वसाहत सुरू झाली मार्च १८५८मध्ये, आणि तिथलं जंगल तोडण्यासाठी आणलेल्या कैद्यांत १८५७च्या उठावातले शिपाई होते. हुकूम साहेबाचा, पण कुऱ्हाड त्यांच्या हातात. ज्यांचा देश हिरावला गेला होता, त्यांच्याच हातून दुसऱ्यांचं रान हिरावलं जात होतं.

दूधनाथ तिवारीचंच बघा. हा बंडवाला शिपाई काळ्या पाण्यावर आला, पळाला आणि आदिवासींच्या हाती लागला. त्यांनी त्याला जगू दिलं. वर्षभर तो त्यांच्यात राहिला, संसार मांडला. हल्ल्याचा बेत कळताच मात्र वसाहतीत परतून त्यानं ब्रिटिशांना सावध केलं. त्याला माफी मिळाली. आपल्या इतिहासात तो बंडखोर. त्यांच्या आठवणीत त्याला कोणता शब्द असेल? तो शब्द आपल्याला कळायची वाटही आता जवळपास बुजली आहे. हजारोंनी असलेले ग्रेट अंदमानी रोगराईनं आणि वसाहतीनं असे संपत गेले, की १९६१च्या जनगणनेत ते १९ उरले होते. २०१०मध्ये बोआ सीनियर गेल्या आणि त्यांच्याबरोबर बो ही भाषा गेली.

यावर रास्त आक्षेप असा, की बेड्यांतल्या माणसाला कसला दोष देता? त्याच्यापुढे निवड कुठं होती? मान्य आहे. दोष त्याचा नाहीच. पण दोष आणि ऋण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोष करणाऱ्याबरोबर संपतो. ऋण वारसाकडे येतं. आणि वारस म्हणून तर आपण तिथं जातो. त्या कैद्यांचं सोसणं आपलं, त्यांचं तेज आपलं, असं म्हणत कोठडीच्या उंबऱ्याला हात लावतो. बापाची जमीन हवी आणि त्याच जमिनीवरचं कर्ज मात्र नको, असं म्हणणाऱ्याला गावात कुणी भला म्हणत नाही.

असा हिशेब मांडला तर क्रांतिकारकांचा मान कमी होईल, ही भीती मला पटत नाही. ३० डिसेंबर १९४३ला नेताजींनी पोर्ट ब्लेअरमध्ये तिरंगा फडकवला. बरोबर महिन्यानं, ३० जानेवारी १९४४ला, त्यांचे मित्र असलेल्या जपान्यांनी हम्फ्रीगंजला ४४ भारतीयांना हेरगिरीच्या संशयावरून गोळ्या घातल्या. दोन्ही जागांवर आज स्मारकं आहेत. एकापुढे वाकलेली मान दुसऱ्यापुढे वाकवली, म्हणून पहिल्याचं काही उणं होत नाही.

मग ऋण फेडायचं कसं? आणखी एक चौथरा बांधून नव्हे. मेलेल्यांपुढे मान तुकवायला फारसं काही लागत नाही. खरी परीक्षा जिवंत माणसांची आहे. बारातांगच्या चुनखडीच्या गुहा बघायला जाणाऱ्या गाड्या आजही जारवांच्या राखीव जंगलातून ताफ्यानं जातात. थांबू नका, फोटो काढू नका, असे नियम आहेत. पण ‘दिसले तर दिसले’ ही आशा गाडीतल्या बऱ्याच जणांच्या डोळ्यांत असते. त्यांच्या रानातून, त्यांना न विचारता, आपल्या सोयीसाठी काढलेला रस्ता : १८५८ची गोष्ट याहून फार वेगळी नव्हती. आणि आपल्या पायांत तर बेड्याही नाहीत. निवड आहे. मी त्या सहलीला नकार दिला. त्यानं रस्ता बंद झाला नाही, हे मला ठाऊक आहे. पण तुरुंगात चपला काढायच्या आणि दुसऱ्याच्या घरातून मात्र गाडी हाकायची, हे माझ्याच्यानं झालं नसतं.