किंमत आणि हक

रॉब रायनर यांचा ‘धिस इज स्पायनल टॅप’ (१९८४) म्हणजे एका काल्पनिक इंग्रज रॉक बँडवरचा लटका माहितीपट. बडेजावाची ही थट्टा रसिकांना इतकी भावली की क्रायटेरियनची १९९८ ची डीव्हीडी मिळेनाशी झाल्यावर संग्राहकांत ती चढ्या भावाने विकली जाऊ लागली. २०२५ मध्ये नवी फोर-के आवृत्ती निघाली.

मधल्या काळात, २०१६ मध्ये, त्यातले अभिनेते हॅरी शिअरर यांनी व्हिव्हेंडी कंपनीवर दावा लावला. १९८४ ते २००६ या काळात चित्रपटाच्या नावावर जगभर विकलेल्या वस्तूंपोटी तो रचणाऱ्या चौघांच्या नावे मिळून फक्त ८१ डॉलर दाखवले, असे त्यात म्हटले होते. २०२० मध्ये तडजोड झाली.

आम्ही रसिकांनी दुकानात पूर्ण किंमत मोजली, म्हणजे आमचे देणे फिटले काय? कायद्याने फिटले. म्हणून चोरीची प्रत घ्यावी, असेही नव्हे; तिच्यातून तर कर्त्याला छदामही मिळत नाही. पण घाम सुकण्याआधी मजुरी द्यावी, ही शिकवण मानणाऱ्या आम्ही एवढ्यावर थांबू नये. हिशेबाच्या वह्या आमच्या हाती नाहीत. विचारणा मात्र आहे. डबी कपाटात जपणे हे वस्तूवरचे प्रेम झाले. ज्याने हसवले त्याचा हक त्याला पोचला का, हे विचारणे ही कलेची कदर.