कुठला ओढा कोरडा ठेवायचा?

“पिल्लू समुद्रातून परत येताना जन्माच्याच ओढ्यात येतं, असं नाही ना? मग एखादा ओढा कोरडा राहिला तर माशाचं काय बिघडलं?” मामांनी विचारलं. त्यांची सारी नोकरी पाटबंधारे खात्यात झालेली.

भाचीचा अभ्यास ओओपू अलामोओवर, हवाई बेटांखेरीज कुठेच न सापडणाऱ्या गोबी माशावर. अंडी ओढ्यात फुटतात, पिल्लं वाहत समुद्रात जातात आणि सुमारे तीन महिन्यांनी मिळेल त्या ओढ्यात शिरतात. मग पोटाखालच्या चोषकाने ओल्या कातळाला चिकटत वर चढतात. १३५ मीटर उंचीच्या अकाका धबधब्याच्या वरही हा मासा सापडतो.

अडचण आहे ती पाण्याची. हवाईतल्या माउई बेटाच्या पूर्वेकडचे ओढे १८७०च्या दशकापासून उसासाठी कालव्यांत वळवले गेले. साखर कारखाना २०१६मध्ये बंद पडला. २०१८मध्ये राज्याच्या जल आयोगाने काही ओढे पूर्ण मोकळे केले, काहींना मूळ प्रवाहाच्या ६४ टक्के पाणी दिलं, काहींना त्याहून कमी.

“चौसष्ट टक्के पाण्यात नव्वद टक्के अधिवास मिळतो, असं गणित आहे,” भाची म्हणाली.

“उत्तम गणित!”

“पण ‘हा एक गेला तर काय’ हे प्रत्येक ओढ्याबद्दल म्हणता येतं, मामा. दर वेळी पटतंही. असे सगळेच जातील.”

“आणि डोंगरउतारावरच्या कुला गावाने प्यायचं काय? अळू लावणाऱ्यांनाही पाणी हवंच.”

“अळूच्या खाचरातलं पाणी पुन्हा ओढ्यात उतरतं. कालव्यातलं गेलं ते गेलं. नळ तोडा असं मी म्हणत नाही. पण नळाच्या नावाखाली शेतात किती जातं आणि कालव्यातून किती गळतं, ते आधी मोजा.”

गळतीचा उल्लेख मामांना झोंबला. “मोजलं. तरी कमी पडलं. मग?”

“पाळी लावा. दर वर्षी वेगळा ओढा.”

“पाणीपाळी पिकाला चालते,” मामा म्हणाले. “वर चढून राहिलेला मासा कोरड्या वर्षात मरेल की नाही?”

“मरेल,” भाचीने मान्य केलं. “मग पाळी नको. प्रत्येक ओढ्याची धार समुद्रापर्यंत पोचेल एवढं पाणी राखून ठेवा, उरलेलं वाटा.”

“आणि उरलंच नाही, तर त्या वर्षी कुलाला नाही कोण सांगणार? तू?”