अधिकार : सत्तेचा आणि पात्रतेचा

‘अधिकार’ या शब्दाला आपल्या भाषेंत दोन अर्थ आहेत. एका अर्थानें तो सत्ता दाखवितो : मामलेदाराचा अधिकार, दिवाणाचा अधिकार. दुसऱ्या अर्थानें तो पात्रता दाखवितो. वेदान्ताचे ग्रंथ प्रथम ‘अधिकारी’ कोण हें सांगतात आणि मगच विषयास हात घालतात, तो या दुसऱ्या अर्थानें. पहिला अधिकार सनदेनें मिळतो, दुसरा साधनेनें. व्यवहारांत मात्र ज्याच्या हातीं पहिला असतो तोच दुसऱ्याचा निवाडा करूं लागतो. हा निवाडा त्यानें कोणत्या न्यायानें करावा, हा प्रश्न आहे. आणि एका घराण्याचा वृत्तांत त्याच्या विचारास उपयोगी पडण्याजोगा आहे.

औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं १९३८ सालीं आपली सत्ता प्रजेच्या स्वाधीन करण्याचें ठरविलें. नव्या घटनेविषयीं गांधीजींचा सल्ला घेण्यास त्यांचे पुत्र आप्पासाहेब वर्धा जिल्ह्यांतील सेगांवीं गेले. पुढें सेवाग्राम हें नांव पडलें तेंच हें खेडें. जानेवारी १९३९ मध्यें ती घटना अमलांत आली. सत्तेचा उपयोग सत्ता सोडण्यासाठीं करावा, असा हा विरळा प्रकार होता. ज्या आश्रमांत हा विचार झाला तेथें झाडलोट व सफाई यांतून विद्वानांनाही सूट नव्हती, हेंही ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

या आप्पासाहेबांची कन्या अदिति पंत. त्यांचा जन्म १९४३ सालीं नागपुरास झाला. पुण्यास पदवी घेऊन त्यांनीं हवाई येथें व लंडनला पुढील अभ्यास केला, आणि नंतर गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेंत काम धरिलें. समुद्रांत तरंगणाऱ्या, नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पति हा त्यांचा विषय. या वनस्पतींवर कोळंबीसारखा क्रिल जगतो, आणि क्रिलवर पेंग्विनपासून देवमाशापर्यंत सारा दक्षिण सागर पोसला जातो. डिसेंबर १९८३ मध्यें भारताची तिसरी अंटार्क्टिका मोहीम निघाली, तींत त्या व भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता या दोघी होत्या. त्यापूर्वींच्या दोन्ही मोहिमांत एकही स्त्री नव्हती. त्याच मोहिमेंत ‘दक्षिण गंगोत्री’ हें भारताचें पहिलें कायम ठाणें उभें राहिलें.

ज्या भूमीवर त्या गेल्या ती मोठी विलक्षण. १९५९ च्या करारानें तेथील सर्व राष्ट्रांचे स्वामित्वाचे दावे जेथल्या तेथें थांबविले आणि लष्करी तळांस मनाई केली. नव्यानें करारांत येणाऱ्या राष्ट्रास तेथील कारभारांत मत मिळतें, तें भरीव संशोधन करून दाखविलें तरच. भारतास तो मान सप्टेंबर १९८३ मध्यें मिळाला. म्हणजे जेथें सत्तेच्या अधिकारास थारा नाहीं आणि पात्रतेच्या अधिकारासच मोल आहे, असा हा खंड. तेथें बर्फ उपसणें, स्वयंपाक, भांडीं या कामांची पाळी शास्त्रज्ञांवरही येते. सेवाग्रामचा नियम जणूं हिमावर जाऊन पोहोंचला !

येथें कोणी म्हणेल कीं, ही कन्या राजघराण्यांतली, पिता परराष्ट्रांत देशाचा वकील. तिच्या पात्रतेचें कौतुक काय करावयाचें? हिंगणघाटच्या कापूस पिकविणाऱ्या कुणब्याच्या मुलीस हें साधलें असतें काय? हा आक्षेप खरा आहे, आणि तो टाळूं नये. परंतु त्यानें अदितिबाईंची योग्यता उणी होत नाहीं. राजघराणें मुलीला वाटेस लावूं शकेल. समुद्राच्या पाण्याचें पृथक्करण तिच्यासाठीं करूं शकणार नाहीं. आक्षेपानें सिद्ध होतें तें इतकेंच कीं, पात्रता अंगीं असूनही दार गांठण्यापूर्वींच पुष्कळ मुली थकून जातात.

आणि दार गांठलें तरी तें उघडतेंच असें नाहीं. १९३३ सालीं कमला भागवत (पुढें सोहोनी) यांना बंगळूरच्या विज्ञानसंस्थेंत प्रवेश नाकारला गेला, तो केवळ त्या स्त्री होत्या म्हणून. नाकारणारे सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्यासारखे थोर शास्त्रज्ञ होते. आग्रहामुळें एक वर्षाच्या परीक्षेवर प्रवेश मिळाला. काम पाहून रामन यांचें मत पालटलें आणि इतर मुलींनाही वाट मोकळी झाली. अमेरिकेचें नौदल तर सोयी नाहींत या सबबीवर १९६९ पर्यंत स्त्री-शास्त्रज्ञांना अंटार्क्टिकाच्या भूमीवर नेण्यास तयार नव्हतें. दोन्हीकडे तर्क एकच : तुम्ही हें काम केलेलें नाहीं, म्हणून तें तुम्हांस करतां येत नाहीं, आणि करतां येत नाहीं, म्हणून करूं देणार नाहीं. पोहतां आल्यावरच पाण्यांत उतर, असें सांगण्यासारखा हा न्याय झाला.

अधिकाऱ्यानें मग सर्वांनाच वाट द्यावी काय? तसें नव्हे. हिमप्रदेशांत एकाच्या अंगची कसूर सोबत्यांच्या जिवावर बेतते. तेथें कठोर परीक्षा हीच दया. पण परीक्षा कामाची घ्यावी, जन्माची किंवा जातीची नव्हे. आणि ती घेण्यापूर्वीं परीक्षेस बसूं द्यावें. कमलाबाई स्वतः पुढें मुंबईच्या विज्ञानसंस्थेच्या संचालिका झाल्या. एके काळीं जिची पात्रता परक्याच्या शब्दावर अवलंबून होती तिच्याच हातीं इतरांचे प्रवेश आले. विज्ञानाच्या कारभारांतलें खरें जोखमीचें पद हेंच. कारण तेथें शोध लागत नाहीं, पण शोध कोणी लावावयाचा हें ठरतें.

‘पहिली स्त्री’ हें बिरुद ऐकून आपण टाळ्या वाजवितों. तें त्या स्त्रीविषयीं थोडें आणि बंद दाराविषयीं अधिक सांगतें. औंधच्या राजानें सत्ता सोडली तेव्हां गांवोगांवची माणसें कारभार शिकलीं.  वर्धा जिल्ह्यांतल्या एखाद्या शाळेंत आज समुद्र न पाहिलेली एक मुलगी भूगोलाचें पुस्तक उघडून पृथ्वीच्या तळाशीं काढलेला पांढरा खंड पाहत असेल. तिचा अधिकार किती हें आज कोणासच सांगतां येणार नाहीं. तो कळण्याइतकी वाट तिला मोकळी ठेवणें, एवढें मात्र अधिकारावर बसलेल्यांच्या हातीं आहे.