हसणाऱ्याचा वाटा

राजकुमार हिरानींच्या ‘थ्री इडियट्स’मध्ये (२००९) चतुर रामलिंगमचे भाषण आहे. त्याला हिंदी धड येत नाही, भाषण नुसते घोकून आलेला. त्याचा वर्गमित्र रँचो त्यात ‘चमत्कार’च्या जागी ‘बलात्कार’ घालून ठेवतो, आणि आपल्या संस्थेच्या संचालकांनी आजवर किती बलात्कार केले याचे गुणगान चतुर व्यासपीठावरून करत राहतो. पडद्यावरचे सभागृह हसते, थिएटरही हसते. समर्थक म्हणतात, टिंगल घोकंपट्टीची आहे. दिग्दर्शकाचा हेतू तोच असेल, हे मान्य. पण घोकंपट्टी उघडी पाडायला कोणताही चुकीचा शब्द चालला असता. हाच घेतला, कारण तो कानावर पडताच लोक खिदळतील याची खात्री होती, आणि ती खात्री खरी ठरली. जिच्यावर हे गुदरले आहे अशी एखादी बाई शेजारच्या खुर्चीत असेल, एवढे जरी मनात आले असते तरी हसू घशात अडकले असते. म्हणजे हसण्याआधी तिला विसरावे लागते.

हे विसरणे निर्दोष आहे का, हा माझ्या मते धर्माचा प्रश्न आहे. पतंजलींनी हिंसा तीन प्रकारची मानली: स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि अनुमोदलेली. जैन आचार्यांनीही हेच तीन भेद धरले. सभापर्वात दुःशासन द्रौपदीला ‘दासी’ म्हणत फरफटतो, तेव्हा कर्ण मोठ्याने हसून त्याला दाद देतो आणि शकुनी वाहवा करतो. महाभारताने हे हसणे नावानिशी नोंदवले आहे. त्याच सभेत विदुर पापाची वाटणी सांगतो: निंद्य कृत्याची निंदा होत नाही तिथे अर्धे पाप प्रमुखाचे, चौथाई करणाऱ्याचे आणि चौथाई गप्प बसलेल्या सभासदांचे. गप्प बसणाऱ्याच्या माथी चौथाई येत असेल, तर दाद देणाऱ्याच्या माथी किती?

ती सभा खरी होती, सिनेमा लटका असतो, असे कोणी म्हणेल. पण नाट्यातला रस चाखणारा म्हणून भरतमुनी प्रेक्षकाकडेच बोट दाखवतात. नटाचे विव्हळणे लटके असते. त्यावर आपण हसतो ते मात्र खरेखुरे.

याहून वजनदार आक्षेप एकनाथांच्या भारुडाचा. तिथेही सून सासरची माणसे मरावीत म्हणून भवानीला नवस बोलते आणि आपण पोट धरून हसतो. त्यातले रूपक क्षणभर बाजूला ठेवले, तरी बोलणारी कोण आहे ते पाहायला हवे. घरात जिला सर्वांत कमी अधिकार, जी रोज सोसते, तीच तिथे तोंड उघडते. हसताना आपण तिच्या बाजूला जातो. ‘कॉमेडी नाइट्स विथ कपिल’मध्ये उलटे होते. नवरा बायकोला तिच्या ओठांवरून, तिच्या बापाने न दिलेल्या हुंड्यावरून हिणवायचा आणि प्रेक्षक नवऱ्याच्या बाजूने हसायचे. हुंडा मागणे १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे. हा कार्यक्रम मात्र घरोघरी, मुलाबाळांसह पाहिला गेला, आणि त्यातल्या कितीतरी घरांत पुढे लग्नाची बोलणीही झाली असतील.