रसिक आणि वेडा

वेडाचे दोन प्रकार असतात. एका वेडाचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो आणि दुसऱ्या वेडासाठी घरची माणसं चांगल्या डॉक्टरचा पत्ता शोधतात. फरक रोगात नसतो. रोगी कशापायी वेडा झाला, यात असतो. माझ्या परिचयाचे एक गृहस्थ आहेत. एकाच गवयाने गायलेल्या एकाच रागाची अकरा ध्वनिमुद्रणं त्यांच्याकडे आहेत आणि कुठल्या मैफलीत तबलजी कुठे अडखळला हे ते डोळे मिटून सांगतात. लोक त्यांना ‘रसिकाग्रणी’ म्हणतात. त्यांचाच पुतण्या एका नटाचा एकच सिनेमा अकरा वेळा पाहतो आणि कुठल्या प्रसंगात शर्टाचं बटण बदललंय हे सांगतो. त्याला लोक ‘वाया गेलेला’ म्हणतात. अकराचा पाढा मात्र दोघांचा एकच!

या पंक्तिभेदाचा विद्यापीठांतून चक्क अभ्यास होतो. ‘फॅन’ मंडळी हा आता रीतसर प्रबंधाचा विषय आहे. १९९२ साली जोली जेन्सन या विदुषींनी एका निबंधात नेमकं हेच दाखवलं. फॅन म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे दोनच चित्रं येतात : एकटा, झपाटलेला माथेफिरू, नाहीतर गर्दीत किंचाळणारा. प्राध्यापकमहाशय मात्र एकाच कवीला चाळीस वर्षं चिकटून राहिले, तर तो व्यासंग!

१९११ साली ऑक्सफर्डमध्ये रोनल्ड नॉक्स या विद्वानाने शेरलॉक होम्सच्या कथांवर निबंध वाचला. डॉक्टर वॉटसनच्या हकीगतींतल्या विसंगती त्याने धर्मग्रंथाची चिकित्सा करावी तशा गंभीर चेहऱ्याने तपासल्या. अर्थात ही थट्टा होती. पण अशी थट्टा करायलाही कथा तोंडपाठ असाव्या लागतात. त्याला कुणी माथेफिरू म्हटलं नाही. पुढे त्याने बायबलचं भाषांतर केलं.

आता दुसऱ्या पंगतीकडे वळू. १९६६ साली अमेरिकेत ‘स्टार ट्रेक’ ही दूरदर्शन-मालिका सुरू झाली. ती बंद पडणार अशी कुणकुण लागताच प्रेक्षकांनी कंपनीला हजारो पत्रं लिहिली. १९६९ मध्ये मालिका संपली, पण प्रेक्षक संपले नाहीत. त्यांनी त्याच पात्रांच्या नव्या कथा लिहिल्या, घरच्या घरी मासिकं काढली. यांत बायका पुष्कळ होत्या. याचं बक्षीस काय मिळालं? १९८६ च्या डिसेंबरात एका विनोदी कार्यक्रमात खुद्द कप्तानाचं काम करणाऱ्या विल्यम शॅटनरने, अर्थात लिहून दिलेल्या संवादात, या मंडळींना ‘स्वतःचं आयुष्य जगा की जरा’ अशा अर्थाची झाडणी केली. प्रेक्षागृह खदखदून हसलं. जेवणाऱ्यांची चेष्टा वाढप्याने करावी, त्यातला प्रकार!

हेन्री जेन्किन्स या अभ्यासकाने १९९२ साली या मंडळींची बाजू घेणारं पुस्तक लिहिलं. मिशेल द सर्तो या फ्रेंच विचारवंताची एक कल्पना त्याने उचलली : वाचक म्हणजे दुसऱ्याच्या रानात चोरून शिकार करणारा. रान वतनदाराचं, पण ससा ज्याने पकडला त्याचा. आणि गंमत म्हणजे जेन्किन्स स्वतःच या मालिकेचा फॅन! मग प्रश्न उठणारच : प्रेमात पडलेल्याने अभ्यास करावा का? जावयाने न्यायाधीश होऊन सासऱ्याचा खटला चालवावा का?

शंका वाजवी आहे. पण ज्ञानेश्वरीवर प्रबंध लिहिणाऱ्याला ‘तुम्हाला ज्ञानेश्वरी आवडत नाही ना?’ असं कुणी विचारलेलं मी तरी ऐकलं नाही. तिथे प्रेम ही पात्रता ठरते, इथे तीच अपात्रता. प्रेम आंधळं असतं म्हणतात. मला तुच्छता अधिक आंधळी वाटते. प्रेम करणाऱ्याला निदान बटण तरी दिसतं!

मात्र बाजू घेणं म्हणजे आरती ओवाळणं नव्हे. एस. व्ही. श्रीनिवास यांनी तेलुगू नट चिरंजीवी यांच्या चाहत्यांचा अभ्यास केला आहे. वरवर तिथे भक्ती दिसते. पण त्या भक्तीत हक्कही असतो. नटाने अपेक्षेबाहेर पाऊल टाकलं की तेच चाहते बिथरतात. विठोबाशी भांडणाऱ्या जनाबाई आपल्या ओळखीच्या आहेत, त्यामुळे आपल्याला याचं नवल वाटू नये. पण जनाबाईंनी दुसऱ्या देवाच्या भक्तांची डोकी फोडली नाहीत. प्रेम म्हणून दुसऱ्याचा द्वेष करणारे चाहते असतात. तसे घराण्याच्या अभिमानापायी दुसऱ्या घराण्याचं गाणं न ऐकणारे रसिकही असतात. वेडाची परीक्षा करायचीच, तर ती इथे करावी. वेड कशाचं हे विचारू नये. त्या वेडाने माणूस मोठा झाला की कोता झाला, ते पाहावं.

आणि अभ्यासकाची परीक्षा? जेन्किन्सने छापण्याआधी आपली प्रकरणं फॅन मंडळींनाच वाचायला दिली, त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं. मला ही गोष्ट सगळ्या सिद्धांतांहून मोठी वाटते. ज्याच्याबद्दल लिहिलं, ते त्याच्या तोंडावर वाचून दाखवता आलं पाहिजे. याचा अर्थ गोड लिहावं असा नाही. उलट, दोष तोंडावर सांगायला जवळीकच जास्त लागते. एखाद्याच्या पाठीमागे बोलायचं असेल, तर त्यासाठी प्रबंध कशाला हवा? तेवढ्याला चाळीतला कठडा पुरतो.