तोफेची वही

अमेरिकेच्या मरीन दलात एक तरुण गोलंदाज, म्हणजे तोफ डागणारा सैनिक होता. २०१७ साली त्याच्या तुकडीला सीरियात पाठवलं गेलं. तिथलं रक्का शहर इसिस या दहशतवादी संघटनेच्या ताब्यात होतं. ते सोडवायला लढणाऱ्यांना दुरून तोफांचा आधार द्यायचा, हे तुकडीचं काम होतं.

तोफ १५५ मिलिमीटरची. एकेक गोळा चाळीस किलोंहून जड. गोळा नळीत सारायचा, मागून दारू भरायची, बाजूला व्हायचं आणि दोरी ओढायची. तोफ उडाली की जमीन हादरायची आणि हवेचा धक्का छातीतून, डोक्यातून पार जायचा. मग पुढचा गोळा. दिवसा तेच, रात्री तेच.

त्याच तुकडीत नोंदी ठेवणारा एक जण होता. प्रत्येक तोफेची एक वही असे. आज किती गोळे डागले, कोणती दारू वापरली, हे तो रोज लिहायचा. कारण तोफेची नळी झिजते. तिचं आयुष्य गोळ्यांत मोजतात, आणि ते संपलं की ती बदलावी लागते. पाच महिन्यांत त्या तोफखान्याने सुमारे ३५,००० गोळे डागले. दोन तोफांच्या नळ्या जळून निकामी झाल्या. नव्या नळ्या आल्या. माणसं तीच राहिली.

गोलंदाज घरी परतला. अंगावर ओरखडाही नव्हता. पण हळूहळू तो विसरू लागला. गाडी कुठे लावली, ते आठवेना. मुलीचं नाव ओठांवर येऊन अडायचं. डोकं सतत दुखायचं. भांडं पडलं तरी तो भडकायचा आणि मग एकटाच रडत बसायचा.

बायको म्हणाली, "तू गेलास तसा परत आला नाहीस. डॉक्टरकडे चल."

डॉक्टरांनी विचारलं, "शत्रूचा बॉम्ब जवळ फुटला होता?"

"नाही."

"बेशुद्ध पडला होतात?"

"नाही."

स्कॅन केला. त्यात काही निघालं नाही. कागदावर 'मनावरचा ताण' असं लिहिलं गेलं. दुसऱ्या डॉक्टरांनीही तेच विचारलं आणि तेच लिहिलं. शेवटी त्यालाच वाटू लागलं, आपणच मनाने कच्चे.

मग एका डॉक्टरीणबाईंनी निराळा प्रश्न विचारला. "तुमच्या स्वतःच्या तोफेतून किती गोळे उडाले?"

तो गप्प राहिला. हे त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

बाई म्हणाल्या, "गोळा पुढे जातो, पण धक्क्याची लाट चहूकडे पसरते. एका धक्क्याने माणूस पडत नाही. पण ते साठत जातात. स्फोटांजवळ राहिलेल्या काही सैनिकांचे मेंदू मृत्यूनंतर सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा त्यांत वेगळ्याच तऱ्हेचे बारीक व्रण सापडले. २०१६ साली ते प्रसिद्ध झालं. हे व्रण नेहमीच्या स्कॅनमध्ये दिसत नाहीत. म्हणून मला आकडा हवा."

त्याने नोंदी ठेवणाऱ्या त्या जुन्या सोबत्याला फोन केला. "माझी नोंद कुठे मिळेल?"

सोबती बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "माणसांची नोंद कोणी मागितलीच नव्हती. पण तोफेची आहे. वहीत चढवण्याआधी रोजचा आकडा मी खिशातल्या डायरीत टिपायचो. ती डायरी अजून माझ्याकडे आहे. आणि तू कुठल्या तोफेवर होतास, तेही मला ठाऊक आहे."

तो डायरी घेऊन आला. दोघांनी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून बेरीज केली. ती हजारांत गेली. डॉक्टरीणबाईंनी तो आकडा गोलंदाजाच्या कागदपत्रांत लिहिला. तोफेच्या हिशेबातून माणसाचा हिशेब पहिल्यांदा निघाला. दुखणं गेलं नाही, पण त्याला कारण मिळालं आणि नेमके उपचार सुरू झाले.

असे गोलंदाज, असे उखळी तोफांवरचे आणि सुरुंग लावणारे सैनिक आणखीही होते. त्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी बोलायला सुरुवात केली. २०२४ साली एलिझाबेथ वॉरन आणि जोनी अर्न्स्ट या विरुद्ध पक्षांच्या दोन सिनेटरांनी मिळून विधेयक आणलं. भरतीनंतर लवकर मेंदूची क्षमता तपासावी, सोसलेल्या धक्क्यांची सैनिकागणिक नोंद ठेवावी, शस्त्र निवडतानाच त्याचा धक्का विचारात घ्यावा, असं त्यात होतं. त्यातल्या कित्येक गोष्टी वार्षिक संरक्षण कायद्यात आल्या. २३ डिसेंबर २०२४ रोजी राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी त्यावर सही केली.

या गोष्टीत दुष्ट कोणी नाही. नोंदी ठेवणारा चोख होता आणि पहिल्या डॉक्टरांनी कागदावर होते तेच प्रश्न विचारले. पण वहीत माणसासाठी रकानाच नव्हता, आणि जिथे रकाना नसतो तिथे भल्या माणसांचंही लक्ष जात नाही. तो रकाना आखणं हे कायद्याचं काम. तो रोज भरणं हे माणसांचं काम, आणि भरणाऱ्याने एवढं ध्यानात ठेवावं: नळी झिजली तर दुसरी येते आणि तोफ पूर्ववत चालते. माणूस झिजला तर त्याच्या जागी तोफेवर दुसरा येतो, पण तो त्याच्या मुलीचा बाप होऊ शकत नाही.