तरुणांचा स्वधर्म आणि वडिलांचा मोह

विद्यापीठाची पदवी हाती आली की तरुणापुढे तीन द्वारे जवळजवळ एकाच वेळी उघडतात : विवाह, उपजीविका आणि देशसेवा. कोणत्या द्वाराने आधी जावे, हा प्रश्न त्याच्या एकट्याचा राहत नाही. सारे घर त्यात गुंतते.

जबलपूरच्या राइट टाउनसारख्या वस्तीत हा प्रश्न अधिकच निकडीचा होतो. न्यायालये, रेल्वे व शाळा यांच्या निमित्ताने अनेक मराठी घराणी या शहरी स्थिरावली. १९५६ साली राज्यपुनर्रचनेबरोबर उच्च न्यायालयाचे स्थानही नागपुराहून येथे आले. त्याच शहरात १९०४ साली स्थापन झालेली गन कॅरेज फॅक्टरी आहे. ग्रेनेडियर्स आणि जम्मू-काश्मीर रायफल्स यांची केंद्रेही आहेत. गणवेश येथे नित्य दृष्टीस पडतो. परंतु स्वतःचा मुलगा, किंवा आजच्या काळी मुलगी, तो गणवेश मागू लागली की वडीलधारे म्हणतात, “आधी लग्न होऊ दे, मग पाहू.” कुळाचे कसे होईल, ही चिंता त्यामागे असते.

ही चिंता नवी नाही. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाचे युक्तिवाद गृहस्थाचेच आहेत : कुलक्षय, कुलधर्माचा लोप, पितरांचे पिंडोदक. भगवंतांनी कुलधर्माची निंदा केली नाही; कुळाचे नाव घेऊन बोलणारा मोह मात्र त्यांनी अचूक ओळखला.

त्याच अध्यायाच्या अठराव्या श्लोकात शंख फुंकणाऱ्यांमध्ये सौभद्राचे, म्हणजे अभिमन्यूचे नाव आहे. विद्या संपादन झालेली, उत्तरेशी नुकताच विवाह झालेला, आणि समोर रण! गीतेचा श्रोता कोणी विरक्त संन्यासी नव्हता. अशा मुलाचा तो बाप होता. युद्धाच्या तेराव्या दिवशी तो मुलगा पडला, आणि गीता ऐकलेला अर्जुनही पुत्रशोकाने विव्हळ झाला. तेव्हा शोक हा अधर्म नव्हे. शोकाच्या भयाने दुसऱ्याचा स्वधर्म अडविणे, हा मोह होय.

अलीकडचे उदाहरण कॅप्टन विक्रम बत्रा यांचे. चंदीगड येथे पदवी घेतलेल्या या तरुणाने व्यापारी जहाजावरील चालून आलेली नोकरी सोडली आणि १९९७ च्या डिसेंबरात तो जम्मू-काश्मीर रायफल्समध्ये अधिकारी झाला. त्याचे आरंभीचे पलटणी शिक्षण जबलपुरासच झाले. ७ जुलै १९९९ रोजी कारगिलच्या रणात त्याने देह ठेवला. मुलगा सुखरूप परत येईल, असे आश्वासन गीता कोणत्याही मातेला देत नाही. कर्तव्य आणि फळ यांची गाठ ती सोडविते, एवढेच.

तथापि सर्वांनीच सैन्यात जावे, असा याचा अर्थ नाही. कारखान्यात अचूक माप घेणारा अभियंता आणि वर्गात मन लावून शिकविणारी शिक्षिका यांचे कर्मही ईश्वराची पूजाच आहे. पाहावयाचे ते इतकेच, की तरुण एका कर्तव्याकडे जात आहे, की दुसऱ्यापासून पळत आहे? घरच्या भांडणाला कंटाळून रणाकडे जाणे हा वैराग्याचा आभास आहे. भयाने संसारात दडणे हाही तसाच. आणि विवाह ठरविताना नियोजित नोकरीचे खरे स्वरूप वधूपासून किंवा वरापासून लपविले, तर सहधर्माचा पायाच असत्यावर रचला जातो. उत्तरेच्या उदरी परीक्षित वाढला आणि कुळ टिकले; त्या भारातील तिचा वाटा अभिमन्यूहून उणा नव्हता.

वडिलांनी काय करावे, याचा आदर्श अठराव्या अध्यायाच्या त्रेसष्टाव्या श्लोकात आहे. सर्व ज्ञान सांगून झाल्यावर प्रत्यक्ष भगवंत आज्ञा करीत नाहीत. पूर्ण विचार करून इच्छेला येईल तसे कर, असे म्हणून ते निर्णय अर्जुनावर सोपवितात. जो अधिकार परमेश्वराने गाजविला नाही, तो आई-बापांनी गाजवू नये. अनुभव सांगावा, धोका दाखवावा, व्यवहाराचा हिशेब समजावावा, मग थांबावे. मुलाने वा मुलीने जो स्वधर्म निवडला असेल, त्यास मोकळ्या मनाने आशीर्वाद द्यावा. पुत्रप्रेमातील निष्काम कर्म ते हेच.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥